नावडतीचं मीठ अळणी: गेममधली तुमची आवडती आणि नावडती रेस

उलटा गिअर (कोथरूड)

परवा रात्री साडेबाराला टीव्हीसमोर बसून मी एक अस्सल शिवी हासडली. आई आतून उठून आली. "काय रे, काय झालं?" म्हटलं, काही नाही, बस बाद झाली. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली आणि पाणी पिऊन निघून गेली.

हे एकट्याने सोसायचं नाही असं ठरवून फोरमवर हा धागा काढतोय. गाडी खरीखुरी चालवल्यासारखी वाटते असे गेम खेळणारे इथे बरेच आहेत. ब्रेक उशिरा दाबला की सरळ भिंतीत नेतात ना, ते गेम. ग्रॅन टुरिस्मो, असेटो कोर्सा, डर्ट रॅली, एफ वन, काहीही चालेल. तुमची एक आवडती रेस सांगा, एक नावडती सांगा आणि दोन्हींचं कारण सांगा. कन्सोल चांगला की पीसी यावर भांडायचं असेल तर वेगळा धागा काढावा, मी तिथेही येईन.

सुरुवात माझ्यापासून. आवडती सुझुका. 5.807 किलोमीटरचा ट्रॅक, आठच्या आकड्यासारखा, एका जागी स्वतःच्याच डोक्यावरून पुलाने जातो. सुरुवातीची नागमोडी वळणं पाढ्यांसारखी आहेत, पहिलं चुकलं की पुढचं सगळं चुकत जातं. आणि बरोबर जमली की हात आपोआप डोलायला लागतात. माझं गेमचं स्टिअरिंग व्हील जेवणाच्या टेबलाला क्लॅम्प केलेलं असतं. त्याच्या हादऱ्यांनी मिसळणाच्या डब्यातली मोहरी जिऱ्यात जाते, हे घरातलं कायमचं भांडण.

नावडती म्हणजे ती बस. ग्रॅन टुरिस्मो 5, 2010 चा गेम. त्यात टॉप गिअर या टीव्ही कार्यक्रमाचा टेस्ट ट्रॅक आहे, मूळचा इंग्लंडमधल्या डन्सफोल्डच्या विमानतळावरचा. तिथे स्पेशल इव्हेंटमध्ये तुम्हाला देतात 1962 ची फोक्सवॅगनची सांबा बस. इंजिन मागे, खिडक्याच खिडक्या, आणि वेग असा की शेजारून सायकलवाला हात करून जाईल. बाकीचेही सगळे बसच घेऊन उतरलेले. दुसऱ्याला धक्का लागला की बाद, गवतात गेलात की बाद. सकाळी साडेनऊला स्वारगेटला सगळ्या बस एकदम सुटल्यात आणि तुम्ही कुणाला घासायचं नाही, असं समजा. आणि ही म्हणे 'नवशिक्यांसाठी'! बारा वर्षं झाली, प्लेस्टेशन (पीएस) थ्री अजून जपून ठेवलाय तो केवळ या बसपायी.

जिन्याखालची (सदाशिव पेठ)

बस! हसून हसून पुरेवाट. पण माझं दुःख मोठं आहे.

माझी आवडती आणि नावडती एकच. ग्रॅन टुरिस्मो 4, जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंगचा नॉर्डश्लाइफ ट्रॅक. 20.8 किलोमीटरची एक फेरी. वळणं मोजायला बसलात तर दीडशेच्या पुढे जातात.

2006 सालची गोष्ट. दादाने आणि मी दिवाळीचे पैसे एकत्र करून सेकंडहँड पीएस टू घेतला होता. गेममध्ये याच ट्रॅकवर 24 तासांची रेस आहे, 24 तास म्हणजे खरेच 24 तास. स्वतः चालवायचं नसेल तर बी-स्पेक नावाची सोय होती. गाडी कॉम्प्युटर चालवतो, तुम्ही मॅनेजरसारखं 'जोरात घे', 'सावकाश घे', 'पिटला ये' एवढंच सांगायचं. त्यात वेळ तिपटीने पळवता यायचा, म्हणजे हिशेबाने आठ तासांत काम फत्ते. फक्त एक अट, रेस मध्येच सेव्ह करता येत नसे.

बाबांना कल्पना आवडली नव्हती, पण विरोधही केला नाही. उलट त्यांनीच कागदावर सुवाच्य अक्षरात पाटी लिहून टीव्हीला चिकटवली: 'टीव्ही चालू आहे. स्पर्धक जर्मनीत आहेत. बंद करू नये. विचारू नये.' आम्ही पाळ्या लावल्या. मी दुपारी, दादा संध्याकाळी. गेममधला एकोणिसावा तास लागला होता. आम्ही पहिले होतो, दुसरा पूर्ण एक फेरी मागे.

आणि लाईट गेले.

कुणीच काही बोललं नाही. बाबांनी मेणबत्ती आणली. दादा काळ्या टीव्हीसमोर पोहे खात बसून राहिला. दहा मिनिटांनी लाईट आले, तेव्हा बाबांनी ती पाटी हलकेच काढून घेतली. आम्ही ती रेस परत कधीच लावली नाही. त्याच आठवड्यात कंट्रोलरही गेला, तपकीर गल्लीत दुरुस्त करून आणला, तरी डावीकडे ओढायचाच.

पण त्याच ट्रॅकची एकटी फेरी? ती माझी जपमाळ आहे. आज पीसीवर असेटो कोर्सामध्ये मारते. साधी गाडी असली तर आठ-नऊ मिनिटं. मधे कारुसेल नावाचं वळण आहे, आतल्या बाजूला उतरत्या काँक्रीटची पन्हाळ. डावी चाकं त्या पन्हाळीत टाकायची आणि ब्रेक सोडायचा, गाडी खडखडत आपली आपण वळते. चाक पन्हाळीत 'बसतं' तो क्षण हातात येतो. तेवढ्यासाठी वीस किलोमीटर जायचं. ऑफिसचा दिवस वाईट गेला की दोन फेऱ्या, आणि मग भाजी चिरायला घ्यायची.

उलटा गिअर

'स्पर्धक जर्मनीत आहेत.' बाबांना साष्टांग नमस्कार सांगा.

ताम्हिणीकर (पौड रोड)

डर्ट रॅली, 2015 चा पहिला. इथे ट्रॅक पाठ होत नाही, शेजारी बसलेला को-ड्रायव्हर वळणं वाचून दाखवतो त्यावर जगायचं. एक म्हणजे घट्ट वळण, सहा म्हणजे जवळजवळ सरळ. 'कट करू नको', 'पुढे उडी', असं सगळं इंग्रजीत धडाधड येतं. मला त्या घाईत इंग्रजी कळायचं नाही. कळायचं, पण मेंदूला अर्धा सेकंद लागायचा आणि तेवढ्यात झाड यायचं.

लॉकडाऊनमध्ये बायकोला म्हटलं, तू वाच. तिने वेल्समधल्या एका स्टेजचे सगळे कॉल ऐकून वहीत मराठीत उतरवले. को-ड्रायव्हरचा आवाज बंद केला आणि ती सोफ्यावर बसून वाचायची: "डावं चार, लांब. उजवं दोन, आत दगड, कापू नको. उंचवटा, सरळ धर, सरळ, अहो सरळ!" शेवटचं वहीत नव्हतं. पहिल्या दिवशी आम्ही नदीत. चौथ्या दिवशी माझा स्वतःचा विक्रम साडेअकरा सेकंदांनी मोडला. ती माझी आवडती रेस, आणि अजूनही ती वही आहे. सरळ आलं की आमच्याकडे आता कुठेही 'अहो सरळ' म्हणतात, खऱ्या ताम्हिणी घाटातसुद्धा.

नावडती: मोंटे कार्लो, रात्रीची. एका वळणावर कोरडा डांबरी रस्ता, पुढच्यावर बर्फ, आणि टायर एकच. ब्रेक दाबला की गाडी विचारते, "मी का थांबू?" जास्त लिहीत नाही, रक्तदाब आहे.

निवृत्त (चिंचवड)

सर्वांना नमस्कार. माझे वय 71. नोकरी पिंपरीच्या एका वाहन कारखान्यात, चाचणी विभागात. नातवाने मला या खेळांना लावले. त्यामुळे थोडे वेगळे लिहितो, चालवून घ्यावे.

आवडती शर्यत ही शर्यत नव्हेच. ग्रॅन टुरिस्मो 6 मध्ये चंद्रावर गाडी चालवता येते. थट्टा नाही. 1971 साली अपोलो 15 च्या अंतराळवीरांनी चंद्रावर नेलेली ती चारचाकी त्यात आहे. गुरुत्वाकर्षण एक षष्ठांश असल्याने लहानशा उंचवट्यावरही चाके सुटतात आणि गाडी तरंगत राहते. आता यातली मेख पाहा. वजन कमी झाले, पण वस्तुमान तेवढेच आहे. म्हणजे चाकांना जमिनीची पकड सहावा हिस्सा, आणि थांबवायचा माल मात्र पूर्ण. त्यामुळे वळवू गेले तर ती वळत नाही, थांबवू गेले तर थांबत नाही. आयुष्यभर स्प्रिंगा आणि डँपर यांच्याशी झगडलो, पण हे डोळ्यांनी पाहायला सत्तरी यावी लागली. नातू कंटाळून झोपला, मी रात्री एकपर्यंत चंद्रावर होतो.

नावडती म्हणजे लायसन्सच्या परीक्षा. माझे खरे लायसन्स 1974 चे, आरटीओत फियाटवर आठचा आकडा काढून मिळवलेले. या खेळात मात्र ठरलेल्या चौकटीत गाडी थांबवण्यात मला कसेबसे कांस्य मिळते. नातवाचे म्हणणे, "आजोबा, तुम्ही हळूहळू ब्रेक दाबता." बरोबर आहे त्याचे. शर्यतीत आधी पूर्ण दाबायचा आणि वेग उतरेल तसा सोडत जायचा. रस्त्यावर पन्नास वर्षे नेमके उलटे केले, कारण मागे पीएमटीची बस असे.

जिन्याखालची

काका, वजन आणि वस्तुमान हे शाळेत असं कुणी सांगितलं असतं तर!

पिटलेन (बाणेर)

एफ वन 2011, बुद्ध सर्किट. ग्रेटर नोएडाचं, 5.125 किलोमीटर. आपल्याकडे एफ वन तीनच वर्षं झाली, 2011 ते 2013, आणि तिन्ही वेळा जिंकला फेटेल. पण माझी कथा फेटेलची नाही. 30 ऑक्टोबर 2011 ला नारायण कार्तिकेयन एचआरटी संघाची गाडी घेऊन शर्यतीत उतरला होता. ती शर्यतीतली जवळपास सर्वांत संथ गाडी. त्याने सतरावा नंबर काढला.

मी तीच गाडी घेतली, पूर्ण 60 फेऱ्यांची रेस लावली आणि ठरवलं, नारायणच्या वर जायचं. पहिल्या फेरीत शेवटचा. तिसऱ्या वळणानंतर एक किलोमीटरहून लांब सरळ रस्ता आहे, तिथे पुढच्याच्या हवेत शिरून एकेकाला गाठायचं, आणि पुढच्या सरळ रस्त्यावर तोच परत आपल्याला गाठतो. दीड तास हे चाललं. शेवटच्या दहा फेऱ्या टायरात काही उरलं नव्हतं. शेवटी नंबर आला सतरावा. बरोब्बर सतरावा! पोडियमवर गेलो तेव्हाही इतका आनंद झाला नव्हता. नवीन गेममधून हे सर्किट गेलं, म्हणून जुनी डिस्क जपून आहे.

नावडती मोनॅको. 3.337 किलोमीटर, 78 फेऱ्या, ओव्हरटेक करायला जागा नाही. दसऱ्याच्या आदल्या रविवारी तुळशीबागेतून चारचाकी काढून दाखवा, मग मोनॅकोचं कौतुक सांगा.

साडेसहा हजार आरपीएम (विमाननगर)

मोनॅकोला अनुमोदन. माझं थोडक्यात. आयरेसिंग या ऑनलाइन गेमवर लगुना सेका ट्रॅक, माझदा मियाटा गाड्यांची रेस. कॉर्कस्क्रू वळणावर ट्रॅक 137 मीटरांत 18 मीटर खाली कोसळतो, म्हणजे सहा मजली इमारतीवरून उतरल्यासारखं, आणि वरून पुढचं काही दिसत नाही. दिसत नाही तिथेच गाडी टाकायची. पोटात गोळा येतो, दर वेळी.

नावडती तीच रेस, तिचं पहिलं वळण. समोर सगळी खरी माणसं, नवशिकी, आणि प्रत्येकाला पहिल्याच वळणावर जिंकायचंय. जोरदार धडक बसली की तुमच्या नावावर चार दंडगुण चढतात, चूक कुणाचीही असो. नळ स्टॉपच्या सिग्नलला हिरवा लागला की जे होतं ते. तिथे निदान शिव्या मराठीत असतात.

वाकडेवाडी

ग्रॅन टुरिस्मो 7, टोकियो एक्सप्रेसवे, 12 फेऱ्या. दोन्ही बाजूंना भिंती. जिंकलात तर साडेपाच लाख क्रेडिट, आणि कुठेही न घासता जिंकलात तर 8,25,000. गेममधल्या महागड्या गाड्यांसाठी हीच रेस सगळे पुन्हा पुन्हा मारतात, मीही. अकराव्या फेरीत एक पावसाळी वळण, मागचं चाक भिंतीला नुसतं टेकलं. कागद सरकवता आला नसता इतकंच. पावणेतीन लाख गेले. पगारातून कापले असते तर कमी वाईट वाटलं असतं. आवडती? हीच. उद्या परत आहे.

लालपरीची लेक (हडपसर)

मी हे गेम खेळत नाही, वाचनमात्र होते. पण बसचा विषय निघाला म्हणून लिहिते. माझे वडील एसटीत ड्रायव्हर होते, वरंध घाट आणि दिवे घाट त्यांचा रोजचा. त्यांना आत्ता फोन करून विचारलं की उंच, हलकी बस, इंजिन मागे, वळणावर कलते, काय करायचं. ते म्हणाले, "इंजिन मागं म्हणजे पुढचं चाक हलकं. त्याला ब्रेक वळणाच्या आधी संपवायला सांग. वळणात पाय हलवायचा नाही, ना ब्रेक, ना ऑक्सिलेटर. बसला वळवायचं नसतं, वळू द्यायचं असतं. आणि पुढच्याच्या मागं चिकटू नको म्हणावं, तो चुकला की तू चुकलास." मग विचारलं, पगार किती देतात. मी सांगितलं की काहीच नाही. त्यांनी फोन ठेवला.

अवांतर: गेममधल्या बसमध्ये प्रवासी असतात का?

उलटा गिअर

नसतात, तीच एक दया.

काल रात्री तुमच्या वडिलांचं ऐकलं. लांब सरळ रस्त्याच्या शेवटी, जिथे मी नेहमी पुढच्या बसला चिकटतो, तिथे मुद्दाम दोन बसइतकं अंतर ठेवलं. ब्रेक आधी संपवला. पाय हलवला नाही. बस कलली, टायर किंचाळले, खिडक्यांतून अख्खं डन्सफोल्ड तिरकं दिसलं, आणि ती वळली. हॅमरहेड वळणावर पुढच्या दोघांनी एकमेकांना घासलं. मी बाहेरून, अगदी सावकाश, जणू पुढचा थांबा घ्यायचाय अशा थाटात त्यांना ओलांडलं. तिसरा आलो. कांस्य! बारा वर्षांनी.

आई जागीच होती, दारात उभी राहून शेवटची फेरी बघत होती. म्हणाली, "एवढा वेळ बस चालवून तिसराच?"