मदत हवी आहे: केसीएस हलचा एकूण रोध जुळतोय, पण घर्षण आणि दाब दोन्ही चुकताहेत

नमस्कार मंडळी,

एम.टेक.च्या प्रोजेक्टसाठी केसीएस या कोरियन कंटेनर जहाजाच्या हलचा (जहाजाच्या बाह्य सांगाड्याचा) पाण्यातला रोध ओपनफोम या सॉफ्टवेअरमध्ये काढतोय. हे 230 मीटरचं जहाज कधी बांधलं गेलं नाही, पण सीएफडी (संगणकावर प्रवाहाचं गणित) पडताळायला जगभर हेच हल घेतात. मॉडेल 7.28 मीटर, वेग 2.196 मीटर प्रतिसेकंद, फ्रूड अंक (वेग आणि लांबीचं गुणोत्तर, ज्यावर लाटा ठरतात) 0.26, सुकाणू नाही. टोइंग टँकमध्ये (मॉडेल ओढून मोजायच्या टाकीत) एकूण रोध गुणांक आला 3.557 × 10⁻³, म्हणजे साधारण 81 न्यूटन. सव्वाआठ किलोचं वजन टांगावं एवढी ओढ.

माझं उत्तर 79.9 न्यूटन. गाइड म्हणाले, "झालं, आता रिपोर्ट लिहायला घे." पण घर्षण आणि दाब हे दोन्ही भाग वेगळे काढले आणि झोप उडाली. आयटीटीसी 1957 च्या (जहाजांच्या घर्षणाच्या प्रमाणित) सूत्राने घर्षण गुणांक 2.83 हवा, माझा 2.62 (इथून पुढे सगळे गुणांक × 10⁻³). उरलेला, म्हणजे दाबाचा आणि मुख्यतः लाटांचा भाग 0.73 च्या आसपास हवा, माझा 0.89. एक कमी, एक जास्त, म्हणून बेरीज जुळली.

घर्षण का कमी, ते बहुधा सापडलंय. पॅराव्ह्यूमध्ये (निकाल चित्रात दाखवणारं सॉफ्टवेअर) हल उलटं करून पाण्याचा अंश रंगवून पाहिला. तळ एकसारखा लाल, म्हणजे अंश 1, निव्वळ पाणी दिसायला हवा, तर बल्बस बोच्या (पुढच्या टोकाच्या फुगवट्याच्या) मागून एक फिकट पट्टा निघून थेट मागपर्यंत गेलाय. तिथे अंश 0.90 ते 0.93. म्हणजे हलखाली हवा शिरलीय, आणि ती गणिताने आणलेली आहे, पाण्याने नाही. मी लोकल टाइम स्टेप (प्रत्येक सेलला वेगळी वेळपायरी) वापरलाय, त्यामुळे पाणी-हवेमधली सीमा पसरट होत असावी असा संशय आहे.

दाबाच्या भागाबद्दल मात्र अंधारात आहे. लाटेची लांबी सुमारे 3.1 मीटर, तिच्यावर जाळीचे 40 सेल आहेत, पण लाटेच्या उंचीत जेमतेम सहा. एवढ्याने 0.16 चा फरक पडेल?

हे सोडून द्यावंसं वाटत नाही, कारण खऱ्या जहाजावर 24 नॉटला घर्षण गुणांक 1.38 पर्यंत उतरतो आणि लाटांचा भाग तसाच राहतो. मग मॉडेलवर सव्वा टक्का वाटणारी चूक जहाजावर आठ टक्क्यांवर जाते, आणि तीसुद्धा उलट्या दिशेने. त्यावर कोणी इंजिन निवडलं तर?

आता लाटा काढून टाकून डबल बॉडी रन लावलाय, निदान घर्षण तरी स्वतंत्र तपासता येईल. हा क्रम बरोबर आहे का? हवा घालवायला आधी बोजवळचे प्रिझम थर (हलला चिकटलेले जाळीचे पातळ थर) बारीक करू, की लोकल टाइम स्टेप सोडून कूरां अंक (एका वेळपायरीत प्रवाह किती सेल ओलांडतो ते) खाली आणू? माझ्याकडे 16 कोअरचं एकच मशीन आहे आणि तीन आठवडे, दोन्ही करून पाहणं जमणार नाही. ज्यांनी इंटरफोमवर (ओपनफोमचा पाणी-हवा सॉल्व्हर) हे भोगलंय त्यांनी कृपया सांगा, हवं तर सेटअपच्या फाइली इथेच टाकतो.