मदत हवी आहे: एनओटू चाचणीत फील्ड ब्लँक जास्त येतोय

नमस्कार मंडळी. परिसर हवेतील एनओटूसाठी (नायट्रोजन डायऑक्साइड वायू) आम्ही सोडियम आर्सेनाइट पद्धत (जेकब-हॉचायझर, सुधारित) वापरतो. शोषक द्रावण: १ लिटरमध्ये ४ ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड, १ ग्रॅम सोडियम आर्सेनाइट. इंपिंजरमध्ये (द्रावणातून हवेचे बुडबुडे सोडणारी काचेची बाटली) ३० मिली, प्रवाह मिनिटाला १ लिटर, ४ तास. नंतर बाष्पीभवनाने झालेली घट पाण्याने भरून काढून १० मिली नमुन्यात १ मिली पेरॉक्साइड, १० मिली सल्फानिलअमाइड, १.४ मिली एनईडीए (रंग आणणारे अभिकर्मक). १० मिनिटांनी ५४० नॅनोमीटरला वाचन.

लॅब ब्लँकचे (प्रयोगशाळेतच ठेवलेले कोरे द्रावण) शोषणमान ०.०१८ येते, फील्ड ब्लँकचे (नमुन्यांसोबत जाऊन हवा न खेचता परत आलेले कोरे द्रावण) मात्र ०.०७२. आमच्या कॅलिब्रेशन रेषेचा उतार मायक्रोग्रॅममागे ०.०४५, म्हणजे १० मिलीत १.२ मायक्रोग्रॅम जास्तीचा, पूर्ण ३० मिलीत ३.६. २४० लिटर हवा आणि ०.८२ शोषण कार्यक्षमता धरली तर घनमीटरमागे सुमारे १८ मायक्रोग्रॅम! २४ तासांची मर्यादाच ८० आहे, तेव्हा ही चूक सोडून देण्यासारखी नाही.

एनईडीए ताजे आहे, तपकिरी झालेले नाही. पाण्यात नायट्राइट नाही. असते तर लॅब ब्लँकही चढला असता. त्यामुळे संशय प्रवासावर आहे: बाटल्या डिझेल जनरेटरसोबत एकाच टेम्पोतून जातात, झाकणांना रबरी वॉशर आहेत आणि काचसामान नायट्रिक आम्लाने धुतले जाते.

यांपैकी आधी काय वगळून बघावे? टेफ्लॉन अस्तराच्या झाकणांनी कुणाचा फील्ड ब्लँक खाली आला आहे का? आणि तोपर्यंत नमुन्यातून फील्ड ब्लँक वजा करणे योग्य, की ती तुकडी रद्दच करावी? मला रद्द करणेच बरोबर वाटते, कारण प्रत्येक बाटलीत दूषण सारखेच असेल याची खात्री नाही.