नागपूरहून नेपाळ-भूतान, २२ दिवस बुलेटवर : रोजचं खाणं-धुणं कसं जमवता?

मानेवाडा_३५०
राम राम मंडळी. दसरा झाला की मी आणि मित्र निघतोय. सोनौलीतून नेपाळ, काकडभिट्ट्याहून बाहेर, मग जयगाववरून भूतानचं फुन्शोलिंग. गाडी बाबांच्या नावावर आहे. रोज ४५० किमी धरलेत. रूटचे व्हिडिओ ढीगभर पाहिले, पण कपडे कधी धुता, अंग किती दुखतं, हे कोणीच सांगत नाही. आई तर रोज एकच विचारते, "तिकडे जेवाल काय?"

झिरोमाईल_काका
४५० वाचूनच माझी कंबर धरली बापा! सोनौलीपर्यंतचे हजारेक निघतील तसे. जबलपूर, रीवा, प्रयागराज, गोरखपूर, रस्ता चांगला आहे. पण नेपाळात बुटवल सोडलं की घाट सुरू. पाल्प्यावरून पोखऱ्याला जाताना १५० झाले की खोली शोधायची, अंधारात चालवायचं नाही. मी ५२ व्या वर्षी गेलो होतो, पहिले तीन दिवस मलाही जोर चढला होता. चौथ्या दिवशी मनगट इतकं आखडलं की क्लच दाबायला डावा हात उजव्यानं उचलून ठेवावा लागला. मग आलो वळणावर.

आता भन्सारचं, म्हणजे नेपाळच्या कस्टमचं. सीमेवर गाडीचे दिवसाप्रमाणे पैसे भरून पावती मिळते, ती परतीला दाखवावी लागते. माझी जॅकेटच्या वरच्या खिशात होती. मुग्लिंगच्या अलीकडे पाऊस लागला. रात्री काढली तर चारही घड्या चिकटलेल्या, ओला पापड झालेला. हॉटेलवाल्या दिदीनं नखानं एकेक घडी सोडवली, चुलीमागच्या भिंतीला टेकवून सुकवली. शिक्का वाचता येत होता, तारखेची शाई मात्र फिसकटली. त्या एका आकड्यावरून सीमेवर साहेबांनी पाऊण तास उभं ठेवलं. त्यांची चूक नाही, माझीच. तेव्हापासून आरसी आणि पावती प्लास्टिकच्या पाकिटात, गळ्यात. गाडी बाबांच्या नावावर आहे ना, त्यांचं संमतीपत्र त्याच पाकिटात टाक.

कपडे : दोनच जोड, जीन्स नको. रात्री बनियन-शर्ट धुवायचा, पिळायचा, कोरड्या टॉवेलात गुंडाळून वर उभं राहायचं. सकाळी अंगावर घालण्याइतका होतो. मोजे तरी ओलेच राहतात, ते हँडलला बांधून निघायचं. लोक हसतात, हसू दे.

खोलीवर पोचल्या पोचल्या चेनला तेल, इंजिन बंद करून, चेन गरम असतानाच. चहा त्यानंतर. क्रम उलटा केला की तेल राहतंच, अनुभव आहे.

आणि आईला सांग, दालभात मागितला की ताट रिकामं दिसू देत नाहीत. डाळ, भात, तरकारी पुन्हा पुन्हा वाढतात, पैसे एका ताटाचे. मला आठव्या दिवशी तर्री-पोह्याची आठवण आली ती वेगळी गोष्ट.

वर्धारोड_वाली
काकांचं सगळं बरोबर, फक्त टॉवेलावर मी नाचते, उभी नाही राहत. दादा, दोन कामं इथूनच करून जा. विम्याचं क्षेत्र नेपाळ-भूतानपर्यंत वाढवून घ्या, थोडा जास्त प्रीमियम लागतो. आणि आधारवर विसंबू नका, पासपोर्ट नाहीतर मतदार ओळखपत्र ठेवा. भूतानमध्ये आपल्याला माणशी रात्रीचे १२०० रुपये शुल्क आहे, म्हणून तिथले दिवस आधी मोजा. बाकी तिकडे हॉर्न वाजवायची सवय सोडून जा. सिताबर्डीत शिकलेल्यांना जड जातं.

मानेवाडा_३५०
४५० चे २०० केले. मित्र चिडलाय, भूतानचे तीन दिवस कापावे लागले. आईला दालभाताचं वाचून दाखवलं. ऐकून घेतलं आणि पोह्याचा चिवडा भाजायला बसली, दोन किलो.

झिरोमाईल_काका
ने रे. सीमेवरच्या रांगेत पुडा उघडला की ओळख होते.