मदत हवी आहे: ई-बुक रीडरच्या रिव्ह्यूवर किती विश्वास ठेवायचा?

नमस्कार मंडळी, कोल्हापुरातून लिहितोय. आमच्या आण्णांना ई-बुक रीडर घ्यायचाय. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून बारीक टाइप वाचवत नाही त्यांना, आणि करवीर नगर वाचन मंदिरातनं पुस्तकं आणून वाचायची सवय जन्माची, ती सुटलीय याचं मला लई वाईट वाटतं.

आता नवीन कलर स्क्रीनवाला एक मॉडेल आलाय, पेपरात आणि टेक साइटवर सगळीकडं वाहवा चाललीय, पण ते रिव्ह्यू वाचले की वाटतं कंपनीनं पाठवलेला पीस चार दिवस वापरून लिहिलंय, कारण बॅटरी "कित्येक आठवडे" असं सगळेच छापतात आणि तो हिशोब बहुतेक वेळा रोज अर्धा तास वाचन, वायफाय बंद असा असतो हे कुणीच सांगत नाही. आण्णा तर दुपारभर वाचणार. शिवाय कॅलिडो ३ या रंगीत ई-रीडर स्क्रीनवर काळं-पांढरं ३०० पीपीआय (म्हणजे इंचाला इतके ठिपके, जितके जास्त तितकं अक्षर स्पष्ट) असलं तरी रंगीत १५० च, आणि वरच्या कलर फिल्टरमुळं पान जरा काळपट दिसतं. म्हाताऱ्या डोळ्यांना तेच नडणार ना?

आणि मराठीबद्दल तर एक ओळ नाही कुठं! फाँट मोठा केल्यावर 'ज्ञ', 'क्ष्म', 'र्‍या' नीट दिसतात का, स्कॅन केलेली पीडीएफ सहा इंचीवर वाचता येते का, हे बघितलेलं कुणी आहे का इथं?

कुणी सहा महिने-वर्षभर वापरत असाल तर खरं काय ते सांगा, साधा काळा-पांढराच घेऊ का? राजारामपुरीच्या आसपास कुणाकडं असेल तर आण्णांना घेऊन पाच मिनिटं बघायला येतो, प्लीज कळवा.