एमओ-१ जनुक असलेल्या लेट्यूसच्या बियाण्याचीही तपासणी कशासाठी?

रोपवाटिका: लेट्यूस मोझॅक विषाणू (एलएमव्ही) मावा या रस शोषणाऱ्या किडीमार्फत पसरतो आणि रोगट झाडाच्या बियाण्यातूनही पुढच्या पिकात येतो. त्याला प्रतिकार करणारे एमओ-१ जनुक कित्येक वाणांत आणलेले असूनही कॅलिफोर्नियाच्या सॅलिनास खोऱ्यात ३०,००० बियांमागे एकही बाधित बी चालत नाही, इतकी कडक अट कशासाठी? शिवाय हे जनुक अप्रभावी (रिसेसिव्ह, म्हणजे दोन्ही प्रती असतील तरच परिणाम दिसणारे) असूनही प्रतिकार कसा करते, हे कोणी समजावून सांगावे.

पैदासकार: दुसरा प्रश्न आधी घेतो. एमओ-१ विषाणूवर चालून जात नाही. ते त्याची सोय काढून घेते. पेशीत प्रथिननिर्मिती सुरू करणारा ईआयएफ-४ई नावाचा घटक असतो आणि विषाणू आपल्या व्हीपीजी प्रथिनाद्वारे त्यालाच धरून स्वतःचे काम साधतो. एमओ-१ हे याच घटकाचे बदललेले रूप असून त्याच्या एका प्रकारात तर केवळ एक अमिनो आम्ल वेगळे आहे. झाडाचे काम त्यावर निभावते, विषाणूचे मात्र अडते. जनुकाची एक प्रत जरी मूळ रूपात राहिली, तरी विषाणूला तेवढी पुरते. म्हणून दोन्ही प्रती बदललेल्या लागतात. लेट्यूस स्वपरागित असल्याने स्थिर वाणात ही अडचण उरत नाही, परंतु संकराच्या पहिल्या पिढीत प्रतिकार दिसत नसल्यामुळे पैदासकाराला मार्करचा, म्हणजे जनुक ओळखून देणाऱ्या डीएनएतील खुणेचा, आधार घ्यावा लागतो.

बीजपरीक्षक: आता तपासणीविषयी. एमओ-१ असलेल्या झाडात विषाणू कित्येकदा वाढतो, फक्त लक्षणे दबलेली राहतात. नेहमीचे प्रकार अशा झाडाच्या बियाण्यात उतरत नाहीत, ही जमेची बाजू. पण ‘एलएमव्ही-मोस्ट’ गटातील विषाणू हा प्रतिकार मोडतात आणि त्याच वाणांच्या बियाण्यातूनही पसरतात. बाधित बियांपासून उगवलेली मोजकी रोपेसुद्धा माव्याला पुरेशी असतात, आणि मावा एकदा शेतात फिरू लागला की फवारणीने हा प्रसार फारसा आवरत नाही. सॅलिनास खोरे ज्या मॉन्टेरे काउंटीत आहे, तिथे डिसेंबरमध्ये दोन आठवडे शेतात लेट्यूस ठेवू देत नाहीत, तेही ही साखळी तोडण्यासाठीच. माझ्या मते जनुकापेक्षा या दोन नियमांचे श्रेय मोठे आहे.

रोपवाटिका: आभार. अलीकडे सॅलिनासमध्ये आयएनएसव्ही (इम्पेशन्स नेक्रोटिक स्पॉट व्हायरस) या विषाणूने मोठे नुकसान केले. तिथे एमओ-१ उपयोगी पडेल का?

पैदासकार: नाही. तो वेगळ्या कुळातील विषाणू असून फुलकिडे त्याचा प्रसार करतात. त्यासाठी प्रतिकाराचा स्रोत निराळाच शोधावा लागतो. तोवर फुलकिड्यांचे नियंत्रण आणि बांधावरचे तण काढणे यांवरच भर द्यावा लागेल.