नर उंटाचे वृषण हंगामानंतर लहान होतात: नैसर्गिक बदल आणि आजार यांत फरक कसा करावा?

नमस्कार. मी पशुवैद्यकाचा विद्यार्थी असून एका कुबडाच्या नर उंटामध्ये ऋतूनुसार होणाऱ्या बदलांचा अभ्यास करत आहे. एका मुद्द्यावर जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

उत्तर गोलार्धात हा नर साधारणपणे हिवाळ्यात, दिवस लहान असताना माजावर येतो. त्या काळात वृषणांचे आकारमान आणि वजन वाढते, शुक्रजनक नलिकांच्या दरम्यानच्या ऊतीतील लायडिग पेशी (टेस्टोस्टेरॉन हे नर-संप्रेरक तयार करणाऱ्या पेशी) वाढतात आणि रक्तातील टेस्टोस्टेरॉन कित्येक पटींनी चढते. डोक्याच्या मागच्या बाजूच्या ग्रंथी फुगून त्यांतून गडद, उग्र वासाचा स्राव पाझरू लागतो, आणि मऊ टाळूचा भाग फुग्यासारखा तोंडाबाहेर येतो. (दोन कुबडांच्या उंटात हा फुगा दिसत नाही, हे मला विशेष लक्षणीय वाटते.) हंगाम सरला की हे सर्व ओसरते. मात्र शुक्राणूंची निर्मिती मंदावली, तरी ती पूर्ण थांबत नाही.

माझी अडचण इथूनच सुरू होते. माजावरचा नर चारा खाणे कमी करतो आणि चांगलाच खंगतो. त्यामुळे हंगामाच्या अखेरीस तो रोडावलेला असतो आणि त्याचे वृषणही आक्रसू लागलेले असतात. नेमकी हीच दोन्ही लक्षणे जुनाट सर्रा रोगातही (रक्तातील परजीवींमुळे होणाऱ्या आजारातही) आढळू शकतात. अशा वेळी "हंगाम संपला, म्हणून असे दिसते" असे गृहीत धरले, तर आजारी जनावर उपचाराविना राहण्याची भीती मला वाटते. सर्राचे परजीवी रक्तात सतत सापडतातच असे नाही, त्यामुळे रक्ताची एकच तपासणी करून निर्धास्त होता येत नाही.

दोन्ही वृषण सारख्याच प्रमाणात लहान झाले असतील आणि हाताला लवचीक लागत असतील, तर बदल हंगामी मानावा. एकच लहान, कठीण किंवा दुखरा असेल, तर दाह किंवा ऱ्हास यांचा संशय घ्यावा, असे मला वाटते. पण सर्रामध्ये दोन्ही वृषण एकदमच बाधित झाले, तर ही कसोटी अपुरी पडेल. उंटाचे वृषण शेपटीखाली, शरीराला चिकटून असल्यामुळे हाताने मोजमाप घेणेही सोपे नसते. त्यामुळे अल्ट्रासाउंडमध्ये ऊतीचा पोत पाहून हा भेद करता येतो का, आणि मोजमापांची तुलना त्याच नराच्या गेल्या हंगामाशी करावी की समवयस्क नरांशी, हे अनुभवी पशुवैद्यांनी कृपया सांगावे.