लायकेन: रंगाआधी ठेवण पाहा

झाडाच्या सालीवर दिसणारं लायकेन (दगडफूल) म्हणजे बुरशी आणि शैवाल यांची एकत्र वाढणारी जोडी. फोटोतल्या रंगावरून ते ओळखता येईल का, असा प्रश्न आहे. रंगावर फार विसंबू नका. तेच लायकेन कोरडं असताना राखाडी आणि पावसानंतर हिरवं दिसतं. ओलं झालं की बुरशीच्या वरच्या थरातून आतलं शैवाल दिसू लागतं.

आधी ठेवण पाहा. सालीवर रंग फासल्यासारखं घट्ट चिकटलंय, पानासारखं कडेने सुटं आहे, की झुडपासारखं फांद्या फुटलेलं?

मग दहापट मोठं दाखवणारं भिंग अगदी डोळ्याला लावून पृष्ठभाग बघा. खरा आनंद इथेच आहे! कुठे पिठासारखे कण, कुठे बारीक बोटांसारखे उंचवटे, कुठे बशीसारख्या चकत्या. कण आणि बोटं सुटून पडतात तेव्हा बुरशी आणि शैवाल दोन्ही सोबत जातात. चकत्यांतून मात्र फक्त बुरशीचे बीजाणू उडतात, त्यांना नवा जोडीदार शोधावा लागतो. त्यामुळे या खुणांची नोंद हवीच. पानासारख्या प्रकारात खालच्या बाजूचा रंग आणि तंतूही टिपून ठेवा.

तरीही अडलं तर रासायनिक चाचणी असते. झँथोरिया या पिवळ्या-नारिंगी लायकेनवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणाचा थेंब टाकला की तो भाग जांभळट लाल होतो. द्रावण दाहक असतं, म्हणून हातमोजे घालून आणि छोट्या तुकड्यावरच करा.

आणि कृपया खोडावरून खरवडू नका. बरीच लायकेन वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढतात. वाऱ्याने पडलेल्या फांद्या तपासा, त्यांवर शेंड्याकडचे प्रकारही सापडतात.